वाळूवरचा हिशेब

मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागली की गाव गोळा होतो. होडी समुद्रात मोठा अर्धवर्तुळाकार फेरा घेऊन जाळे सोडीत येते, जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर राहतात आणि मग दोन रांगांत उभी राहिलेली माणसे टाचा वाळूत रुतवून दोर ओढू लागतात. ‘रापणीक काय गावला?’ हे विचारायला त्या वेळी कुणाची ओळख लागत नाही. बांगडे असोत, पेडवे असोत की नुसता कचरा असो, जे काही आले ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळूवर पडते. तिथेच मासळीचा लिलाव होतो आणि त्यावरून वाटे ठरतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा. रापणीचे जाळे सहसा एकट्याचे नसते. अनेक घरांनी दिलेले तुकडे जोडून ते होते आणि ज्याचा तुकडा त्याचा वाटा. प्रमाण गावागणिक बदलते, तत्त्व बदलत नाही. मासळी लागली तर सगळ्यांना, नाही लागली तर कुणालाच नाही. जाळे रिकामे आले म्हणून ओढणारा जाळेवाल्याचे देणे लागत नाही.

गेली काही दशके क्वालालंपूरपासून लंडनपर्यंतच्या विद्यापीठांत ‘इस्लामी अर्थव्यवहार आणि व्यवस्थापन’ हा विषय शिकवला जातो. त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत, परिषदा होतात, पदव्या मिळतात. या विषयाच्या पहिल्याच धड्यात ‘मुदारबा’ नावाचा एक करार येतो. एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने मेहनत आणि अक्कल. नफा झाला तर आधी ठरलेल्या प्रमाणात दोघांनी वाटून घ्यायचा. तोटा झाला तर पैसा बुडतो तो भांडवलवाल्याचा. मेहनतवाल्याची मेहनत फुकट जाते, पण त्याच्या डोक्यावर कर्ज राहत नाही. हलगर्जी किंवा लबाडी सिद्ध झाली तरच त्याने भरपाई करायची. दोघांनीही पैसा घातला असेल तर त्याला ‘मुशारका’ म्हणतात, आणि तिथे तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात सोसायचा असतो. हा धडा वाचताना मालवणच्या माणसाला आपली रापण आठवल्याशिवाय राहणार नाही.

यावरून रापण ही अरबांनी शिकवली असा निष्कर्ष कुणी काढू नये. रापणीचे बहुतेक मच्छीमार गाबीत समाजाचे, म्हणजे हिंदू. रत्नागिरीकडे दालदी मुसलमान मच्छीमार आहेत, मालवणात ख्रिस्ती कुटुंबेही दर्यावर जातात. समुद्र कुणालाच ठरावीक उत्पन्नाची हमी देत नाही, म्हणून सगळ्यांनीच वाट्याची पद्धत धरली. वाळवंटातल्या काफिल्याचेही तसेच होते. मक्केहून निघालेला माल सिरियात पोचेल की वाटेत लुटला जाईल, हे कुणाला ठाऊक? पैगंबर होण्यापूर्वी महंमदांनी खदीजा या व्यापारी स्त्रीचा माल घेऊन सिरियाची सफर केली आणि नफ्यात चांगली वाढ करून आणली, ही कथा मुस्लिम घरांत लहान मुलांनाही माहीत असते. भांडवल एका बाईचे आणि मेहनत एका तरुणाची, अशी ती भागीदारी होती. पुढे दोघांचा विवाह झाला.

भाषेचा संबंध मात्र खरोखरच आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. आपल्या कीर्दवहीची पाने उलटून पाहा. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, नफा, नुकसान, वसूल, कर्ज, दलाल, अमानत हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. होडीवरचा खलाशी अरबी, तिचा नाखवा फारसी ‘नाखुदा’वरून. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पण दुकानातल्या आणि बंदरातल्या बोलीपुढे त्या कोशाचेही फारसे चालले नाही. या यादीत एक शब्द मात्र संस्कृत राहिला, तो म्हणजे व्याज. आणि संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे कपट, ढोंग, निमित्त! आपण ‘निर्व्याज प्रेम’ म्हणतो ते याच अर्थाने. आपल्या पूर्वजांनी या शब्दातच आपले मत नोंदवून ठेवले असावे असे वाटण्याचा मोह होतो.

गंमत बाजूला ठेवली तरी व्याजाविषयीचा संशय एका धर्माचा नाही. मध्ययुगीन युरोपात चर्चने व्याज निषिद्ध मानले होते. आपल्याकडे ‘दामदुपटी’चा नियम होता. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येणार नाही, हे हिंदू धर्मशास्त्रातले तत्त्व मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी इंग्रजी अमलातही मानले. कुराणात ‘रिबा’ निषिद्ध आहे, आणि दुपटीचौपटीने फुगणाऱ्या देण्याचा तिथे स्पष्ट धिक्कार आहे. रिबा म्हणजे प्रत्येक प्रकारचे व्याज की केवळ पिळवणुकीचे, यावर मुस्लिम विद्वानांतच मतभेद आहेत. इजिप्तचे प्रमुख मुफ्ती तंतावी यांनी १९८९ साली सरकारी बचतपत्रांवरचा परतावा वैध ठरवला, तेव्हा त्यावर खूप गदारोळ झाला. बहुसंख्य पंडित मात्र सर्व व्याज निषिद्धच मानतात.

पण सगळी चर्चा व्याजाभोवतीच फिरत राहते, आणि त्यात या विचाराचा अधिक मोलाचा भाग मागे पडतो, असे मला वाटते. त्याचा गाभा असा आहे: ज्याला फायदा हवा त्याने धोकाही घेतला पाहिजे, आणि ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा आहे त्याने तो अमानत समजून उघड्यावर हिशेब दिला पाहिजे. कुराणातली सर्वांत लांब आयत प्रार्थनेबद्दल नाही, देण्याघेण्याचे कागद करण्याबद्दल आहे. मुदतीचे देणे लिहून ठेवा, लेखक त्रयस्थ असावा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नका, असे ती बजावते. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर कर्ज आहे त्याने. तो दुबळा असेल तर त्याच्या पालकाने. सावकाराने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या आपल्या कुळांची आठवण झाली म्हणजे या तपशिलाचे महत्त्व कळते.

आता मालवणहून थोडे उत्तरेला, देवगडला जाऊ. इथल्या हापूसचा व्यवहार मासळीच्या अगदी उलटा. मोहोर धरण्याच्या सुमारास, कधी त्याच्याही आधी, बाग कराराने दिली जाते. झाडावर फळ नाही, पण सौदा ठरला. पुढे अवकाळी पाऊस आला, तुडतुडे पडले, फळगळ झाली तर घेणारा बुडतो. बहर उदंड आला तर देणारा हळहळतो. ज्यांना बाग करारावर द्यायची नाही ते फवारणीला आणि मजुरीला मुंबईच्या दलालाकडून उचल घेतात, आणि मग पेट्या त्यालाच घालाव्या लागतात. तिकडे वाशीच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत वर्षानुवर्षे टीकेचा विषय होती. बागायतदार दोनशे मैलांवर आणि भाव रुमालाखाली!

नेमक्या याच गोष्टींवर इस्लामी कायद्याचे पंडित हजार-बाराशे वर्षांपूर्वी घासाघीस करीत बसले होते. मदिनेत खजुराच्या बागा. लोक फळ धरण्याआधी सौदे करीत आणि मग कीड लागली, वारे लागले म्हणून भांडत. तेव्हा फळ पक्वतेला आल्याचे दिसेपर्यंत ते विकू नये, असा दंडक पैगंबरांनी घातल्याचे हदीसमध्ये आहे. ज्याचे होणे-न-होणे झाकलेले आहे अशा सौद्याला ‘घरार’ म्हणतात, आणि व्याजाखालोखाल निषिद्ध काय असेल तर ते हेच. एवढेच नव्हे, गावाबाहेर जाऊन काफिल्याला बाजारभाव कळण्याआधीच गाठून माल उचलू नये. खरेदीचा इरादा नसताना नुसता भाव चढवायला खोटी बोली लावू नये, असेही नियम आहेत. हे नियम करणाऱ्यांना बाजार आणि बाजारातला माणूस पुरता ठाऊक होता.

मग शेतकऱ्याला आगाऊ पैसा लागतो त्याचे काय? त्यासाठी ‘सलम’ नावाची सोय केली गेली. पूर्ण किंमत आज द्यायची, माल ठरल्या तारखेला घ्यायचा; पण प्रत, वजन आणि तारीख पक्की हवी, आणि माल अमुकच बागेचा असे बंधन नको, कारण ती बाग फळली नाही तर पुन्हा भांडण. बाग बुडाली तर नुकसान कोणी सोसायचे, यावर चार पंथांत एकमत नाही. मालिकी आणि हंबली पंडित विक्रेत्यानेच भाव कमी केला पाहिजे म्हणतात. हनफी आणि शाफई ती चांगुलपणाची बाब मानतात. कोकणी मुसलमान शाफई आहेत. उत्तर हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी, आणि कोकण-केरळचा किनारा शाफई, याचे कारण सरळ आहे. इथे इस्लाम खैबर खिंडीतून आला नाही, अरबी गलबतांतून, मालाच्या गोण्यांबरोबर आला.

त्या गलबतांच्या परंपरेतला एक मोठा पुरुष मुंबईच्या इतिहासात भेटतो. जमशेटजी जिजीभाईंचे नाव सगळ्यांना माहीत असते. त्यांचे भागीदार मात्र विसरले गेले. १८१८ साली त्यांनी स्थापलेल्या पेढीत मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान जहाजमालक भागीदार होते. गोव्याचे रोजेरिओ दि फारिया हे ख्रिस्ती व्यापारीही या मंडळींचे सहकारी. पारशी, जैन, मुसलमान, ख्रिस्ती असे चार धर्म आणि व्यापार चीनशी. या पेढीच्या मालात कापसाबरोबर अफूही होती, हे सांगितले पाहिजे. चारांपैकी कुणाच्याही धर्माला नशेचा धंदा भूषणावह नव्हता. मालकाचा धर्म कोणता यावरून पेढीचा धर्म ठरत नाही, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीही खरी होती.

अशा भागीदाऱ्या गावोगाव होत्या, मग त्यांतून मोठ्या कंपन्या का उभ्या राहिल्या नाहीत? तैमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पश्चिम आशियाच्या संदर्भात याचे एक उत्तर दिले आहे. इस्लामी कायद्यात भागीदार मेला की भागीदारी संपते, आणि वारसाहक्काच्या काटेकोर नियमांनी त्याचे भांडवल अनेक वारसांत वाटले जाते. माणसे मरतात पण कंपनी राहते, ही कल्पना त्या कायद्यात रुजली नाही. ‘वक्फ’ राहिला, पण तो दात्याने घालून दिलेल्या अटींत बांधलेला. काळ बदलला तरी त्याला सहजी वळण बदलता येत नाही. हे मत सर्वांना मान्य नाही. पण विसाव्या शतकातल्या पंडितांना मर्यादित जबाबदारीची कंपनी आपल्या कायद्यात बसवण्यासाठी बरीच खटपट करावी लागली, हे खरे. वक्फ आणि सरकारी खजिना यांना माणसाविना अस्तित्व असते, मग कंपनीला का नको, असा त्यांचा युक्तिवाद. दुसऱ्या बाजूने प्रश्न आला की नफा सगळा घ्यायचा आणि तोट्याची जबाबदारी मात्र शेअरच्या किमतीपुरती, हे धोक्याच्या तत्त्वात कसे बसते? हा प्रश्न आजही चुकीचा म्हणता येणार नाही.

बँका आल्या त्या नंतर. इजिप्तमध्ये मित घम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी १९६३ साली ग्रामीण बचतीची बिनव्याजी बँक काढली. तिची प्रेरणा जर्मनीतल्या बचत बँकांची होती. १९७५ साली जेद्दाची इस्लामिक डेव्हलपमेंट बँक आणि दुबई इस्लामिक बँक सुरू झाल्या, आणि तेलाच्या पैशाबरोबर हा पसारा वाढत गेला. इथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. पुस्तकात मुदारबा आणि मुशारकाचे गुणगान, पण बँकांचा बहुतेक धंदा मात्र ‘मुराबहा’चा. म्हणजे तुम्हाला गाडी हवी असेल तर बँक ती आधी विकत घेते आणि आपला नफा सांगून तुम्हाला हप्त्याने विकते. कायद्याच्या दृष्टीने ही विक्री. हप्ता भरणाऱ्याला ते कर्जच वाटते, आणि त्याला दोष देता येत नाही.

असे का झाले? कारण मुदारबात बँकेला दुसऱ्याच्या वहीवर विश्वास ठेवावा लागतो. दुकानदार म्हणाला यंदा नफाच झाला नाही, तर बँक काय करणार? रापणीत ही अडचण येत नाही, कारण मासळी वाळूवर पडलेली असते. शहरातल्या पेढीची मासळी कपाटात असते. म्हणून नफ्यातोट्याच्या भागीदारीचा खरा प्रश्न श्रद्धेचा नाही, हिशेब दिसण्याचा आहे. ज्याला आजकाल ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ म्हणतात, त्याचेही काम शेवटी तेच: आतली मासळी बाहेरच्याला दिसली पाहिजे.

इस्लामी बँकांनी त्यासाठी शरियत मंडळ नावाची व्यवस्था केली. संचालक मंडळ धंदा पाहते, हिशेब तपासनीस आकडे पाहतो आणि पंडितांचे मंडळ व्यवहार धर्माला धरून आहे की नाही ते पाहते. १९९१ साली बहारीनमध्ये या संस्थांच्या हिशेबांसाठी एक मानक संस्थाही स्थापन झाली. कल्पना चांगली; पण पंडितांचे मानधन तीच बँक देते, आणि मोजकेच नामवंत पंडित अनेक मंडळांवर बसतात. मलेशियाने मग एका पंडिताने एकाच बँकेच्या मंडळावर बसावे असा नियम केला. २००७ साली या क्षेत्रातले सर्वांत वजनदार पंडित मुफ्ती तकी उस्मानी यांनीच जाहीरपणे सांगितले की बाजारातले बहुतेक ‘सुकूक’, म्हणजे इस्लामी रोखे, नियमांत बसत नाहीत. त्याहून नवलाची गोष्ट २०१७ ची. शारजाच्या दाना गॅस कंपनीने सत्तर कोटी डॉलरचे सुकूक विकले होते. पैसे परत करायची वेळ आली तेव्हा कंपनीनेच म्हटले की आमचे हे रोखे शरियतला धरून नाहीत, सबब ते बेकायदा आहेत! घेताना शरियत आणि देतानाही शरियत. प्रकरण न्यायालयांतून फिरून पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले.

आपल्याकडे कायद्याने हा मार्ग बँकांना मोकळा नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यानुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि मुराबहा म्हणजे तर खरेदी-विक्रीच. रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले. दीपक मोहंती समितीने २०१५ साली बँकांत त्यासाठी वेगळी खिडकी ठेवण्याची शिफारस केली. २०१७ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने माहितीच्या अधिकाराखालील उत्तरात हा विषय पुढे न नेण्याचे ठरल्याचे सांगितले. बँक सेवा सर्व नागरिकांना सारख्याच उपलब्ध आहेत, असे कारण दिले. त्याच्या वर्षभर आधी, २०१६ साली, सोलापूर जिल्ह्यात बार्शीला लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी ठेवी आणि त्यांतून लहान बिनव्याजी कर्जे असा प्रयोग सुरू केला. बँक भाजपचे नेते आणि तेव्हाचे सहकारमंत्री सुभाष देशमुख यांच्याशी संबंधित असल्याने त्याची देशभर चर्चा झाली. शेअर बाजारात तर ही वाट केव्हाच रुळली आहे. मुंबई शेअर बाजारात डिसेंबर २०१० मध्ये शरियत निर्देशांक सुरू झाला. दारू, जुगार आणि व्याजावर चालणारे धंदे वगळायचे आणि ज्यांच्यावर कर्जाचा बोजा ठरावीक मर्यादेपलीकडे आहे अशा कंपन्याही वगळायच्या, अशी त्याची चाळणी. कर्जात बुडालेली कंपनी टाळावी हे सांगायला आपल्या आजोबांना निर्देशांक लागत नव्हता, हा भाग वेगळा.

जिथे सरळ वाट नसते तिथे आडवाटेला लुटारू बसतात. बंगळूरच्या आय. एम. ए. या कंपनीने ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावाने हजारो कुटुंबांकडून पैसा गोळा केला. गुंतवणूकदारांना ठेवीदार म्हटले नाही, कागदोपत्री भागीदार केले. दरमहा ‘नफा’ हाती येत होता, तोपर्यंत तो कोणत्या धंद्यातून येतो हे विचारणारे थोडे. जून २०१९ मध्ये चालक दुबईला पळाला, जुलैत परत आला तेव्हा दिल्लीत पकडला गेला. बुडालेल्या रकमेचा आकडा चार हजार कोटींच्या आसपास सांगितला गेला. लग्नाला ठेवलेले दागिने, निवृत्तीचे पैसे, विधवांची पुंजी असे सगळे त्यात होते. पण यात हसणाऱ्यांनी त्याच वर्षीचा सप्टेंबर आठवावा. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत एका बांधकाम कंपनीची प्रचंड कर्जे खोट्या खात्यांआड लपवली होती, आणि मुंबईचे ठेवीदार बँकेच्या दारात रडत उभे होते. एकीकडे हलालची पाटी, दुसरीकडे सहकाराची. भागीदार म्हणवल्या गेलेल्या माणसाला वही पाहायला मिळाली नाही, आणि सभासद म्हणवल्या गेलेल्यालाही नाही.

मालवणच्या मच्छीमाराला यातले काय उपयोगी पडते? त्याचा प्रश्न अगदी रोखठोक आहे. यांत्रिक नौका घ्यायची तर कर्ज लागते. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान वादळ कोकणात कुणी विसरलेले नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने देवगडपासून मालवणपर्यंत उभ्या नौकांची मोडतोड केली. नौका फुटली तरी कर्जाचा हप्ता फुटत नाही, तो पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभा राहतो. पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, समुद्रातून काहीच येत नाही, व्याज मात्र बंदी पाळत नाही. भागीदारीत तसे होत नाही. नौकेत ज्याचा पैसा आहे तोही तिच्याबरोबर बुडतो, आणि म्हणून तिचे इंजिन, तिचा विमा, तिचा तांडेल यांची काळजी त्यालाही असते. ‘घटती मुशारका’ म्हणून एक प्रकार आहे. संस्थेने नौकेचा मोठा हिस्सा घ्यायचा, मच्छीमाराने लहान. मिळकतीच्या वाट्यातून तो दरवर्षी संस्थेचा थोडा थोडा हिस्सा विकत घेत जातो आणि काही वर्षांनी नौका त्याची होते. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती कुणालाही चालेल असा हा करार आहे, आणि त्याला अरबी नाव दिलेच पाहिजे असे नाही.

मात्र हाच किनारा वाट्याकडून पगाराकडे सरकतो आहे. मोठ्या यांत्रिक नौकांवर आता बाहेरून आलेले, पुष्कळदा नेपाळी, खलाशी असतात. त्यांना हंगामाचा पगार ठरलेला, त्यातली उचल आधीच दिलेली. पर्ससीन नौकांशी पारंपरिक मच्छीमारांची भांडणे पेटली, फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी संघर्ष शमला नाही. रापणी कमी झाल्या. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस प्रसिद्ध आहे. पगारी खलाशाला ती लागू पडते. पण वाटेकरी खलाशी आणि पगारी खलाशी यांत फरक हा की पहिल्याला लिलाव ऐकण्याचा हक्क होता.

बँकेचा अधिकारी कणकवलीला बसतो आणि मासळी पहाटे मालवणच्या बंदरात उतरते. तो भागीदार होऊ शकत नाही, त्याला जाळ्यात काय आले ते कधीच दिसणार नाही. गावच्या मच्छीमार सहकारी सोसायटीला ते दिसते. डिझेलच्या परताव्यासाठी कोणत्या नौकेने किती डिझेल घेतले याच्या वह्या तिच्याकडे असतात. बर्फाची बिले बर्फाच्या कारखान्यात असतात, लिलावाचे भाव बंदरावर सगळ्यांनी ऐकलेले असतात. एखादी नौका महिनाभर डिझेल आणि बर्फ घेते आणि मासळी मिळाली नाही म्हणते, हे सोसायटीपुढे फार दिवस चालत नाही. नौकेत भागीदार म्हणून पैसा घालायचा तर तो कुणामार्फत, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागणार नाही. सोसायटीची निवडणूक, तिच्यातले गट, थकबाकीदारांची यादी लावायची की नाही यावरची भांडणे हे सगळे आहेच. तिची वार्षिक सभाही पुष्कळ गावांत अर्ध्या तासात उरकते.